तापलेलं समुद्रपाणी

समुद्र घरी बनवता येतो का? लंडनच्या फिलिप हेन्री गॉस यांनी 1854 मध्ये तो बनवला : मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड आणि गोडं पाणी. आधी शैवाल सोडलं, मग प्राणी. जगलेही! चुन्याचे क्षार मात्र वगळले होते; दगडी प्रवाळांचं त्यावर भागलं नसतं.

आजच्या प्रवाळटाक्यांच्या मिश्रणात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही भरपूर असतात. म्हणूनच हीटर बिघडून पाणी फार तापलं, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. आपल्या किटलीत धरतो तोच थर. पाणी निवलं तरी तो सहजी विरघळत नाही. खारेपणा जवळपास तेवढाच भरतो, तिथेच आपण फसतो. कॅल्शियम मोजून पाहावं. ते घटलं असेल, तर नवं पाणी कालवलेलं बरं.