मिक्सर, फ्रिज, गिझर बिघडला तर : घरी काय करायचं, मेकॅनिक कधी बोलवायचा

पौड : पावसाळा लागला की मुळशीत लाईट ये-जा करते आणि घरातली कुठली तरी वस्तू हमखास बंद पडते. मुळशी धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला १९२७ पासून वीज तयार होते, पण धरणाच्या काठच्या गावांत पावसाळ्यात बॅटरी उशाशी ठेवावी लागते, हा भाग वेगळा. मेकॅनिक यायचा पिरंगुट नाहीतर कोथरूडहून. त्याच्या येण्याचेच पैसे वेगळे, आणि ताम्हिणीकडच्या गावांना तो "उद्या बघू" म्हणतो. मग माणूस स्वतःच टेस्टर-पक्कड घेऊन बसतो. काही कामं खरंच घरी होतात. काहींत जीव जातो.

सोपी कामं आधी बघू. मिक्सर चालता चालता थांबला तर तो जळाला असं लगेच धरू नका. बऱ्याच मिक्सरच्या बुडाला लाल बटण असतं. वाटण जास्त भरलं की मोटरवर लोड येतो आणि ते बटण उडतं. प्लग काढा, मिक्सर थंड होऊ द्या, बटण दाबा. पुन्हा पुन्हा उडायला लागलं किंवा जळका वास आला तर मात्र दुकानात न्या. मिक्सर पिशवीत घालून नेता येतो, मेकॅनिकला घरी बोलवायचं कारण नाही.

वॉशिंग मशीनला पाणी हळू येत असेल तर पाइप जिथं मशीनला जोडतो तिथली जाळी काढून धुवा. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यानं ती भरते. फ्रिज गार करत नसेल तर दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर दाराचं रबर ढिलं आहे. आधी ते साबणाच्या पाण्यानं पुसून बघा. लाईट गेली आणि लगेच आली तर फ्रिज पाच मिनिटं बंद ठेवून मग चालू करा, कॉम्प्रेसर वाचतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं किंवा नळाचं नको.

गॅस शेगडीचा बर्नर पिनेनं साफ करा. सिलिंडरची रबरी नळी पाच वर्षांनी बदला. गळती बघायची तर साबणाचा फेस लावून, काडी ओढून नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाईटचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

आता करंटचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या फ्रिजच्या हँडलला बारीक झिणझिणी लागायची. चप्पल घातली की लागत नाही म्हणून आम्ही सगळे महिनाभर चप्पल घालून फ्रिज उघडत होतो. मी स्वतः मागचं झाकण काढून वायरी हलवून बघितल्या, काही सापडलं नाही. शेवटी वायरमन आला. त्यानं फ्रिजच्या आधी बोर्ड उघडला. सॉकेटला भोकं तीन, पण अर्थिंगच्या भोकामागे वायरच नाही! फ्रिजमधला थोडा करंट बॉडीत उतरत होता. त्याला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून तो आमच्या अंगातून जात होता. ओल्या फरशीवर, अनवाणी पोराच्या हातून हेच झालं असतं तर?

म्हणून कुठल्याही वस्तूच्या बॉडीला करंट लागला तर मेन बंद करून प्लग काढा आणि परवानाधारक वायरमनला अर्थिंग तपासायला सांगा. आपल्याकडे मुरमाड, खडकाळ जागेत अर्थिंगचा खड्डा नीट खोल जात नाही, उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. त्यात पाणी घालत जा. शिवाय घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किटला पडतो. माणसाला शॉक लागताना तो पडेल याची खात्री नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणं तर सोडूनच द्या.

मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. प्लग काढला तरी त्याच्या कपॅसिटरमध्ये हजारो व्होल्टचा करंट साठून राहू शकतो. नव्या बऱ्याच फ्रिजमध्ये पेट घेणारा गॅस असतो, त्यामुळे गॅस भरणं मेकॅनिकचंच काम. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो बिघडायची वाट न बघता बाहेर लावून घ्या, त्याच्या विषारी धुराला वास नसतो. आणि खांबावर किंवा डीपीवर चढून फ्यूज टाकायचा नाही, कितीही सवय असली तरी. महावितरणला १९१२ वर तक्रार द्या.

मेकॅनिक बोलवताना नंबर बिलावरचा किंवा वॉरंटी कार्डावरचा घ्या. गुगलवर सापडलेल्या खोट्या कस्टमर केअर नंबरवरून लोक फसतात. समोरचा मोबाईलमध्ये ॲप टाकायला सांगतो आणि खातं रिकामं होतं. तसं झालं तर ताबडतोब १९३० ला फोन लावा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूवरचं सील फोडू नका. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे. त्यात घरगुती उपकरणं, मोबाईल, गाड्या आणि शेतीची अवजारं येतात. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काम सुरू करायच्या आधी खर्च विचारा, पक्कं बिल घ्या आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या.