अंगावर पित्त, पोटात कळ, डोळ्यांपुढे अंधारी: ॲलर्जी सापडत नाही तेव्हा मास्ट सेलवर संशय का घेतात?

जेवण होऊन दहा मिनिटं झालेली असतात. अचानक चेहरा लाल होतो, कानशिलं तापतात, अंगावर गांधी उठतात, पोटात कळ येते आणि डोळ्यांपुढे अंधारी. तासाभरात सगळं शांत. ॲलर्जीच्या तपासण्या केल्या तर हाती काहीच लागत नाही. महिन्याभराने पुन्हा तोच प्रकार, आणि या वेळी जेवणात संशयाचा पदार्थही नसतो.

असं वारंवार होत असेल तर डॉक्टर मास्ट सेल या पेशींकडे बघतात. 'मास्ट सेल ॲक्टिव्हेशन सिंड्रोम' हे नाव हल्ली रील्समधूनही कानावर पडतं. मात्र तिथे थकवा, पोट फुगणं, केस गळणं असं सगळंच त्याच्या खात्यावर टाकलं जातं. खरा आजार त्याहून बराच नेमका आहे.

या पेशी करतात काय?

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी १८७८ मध्ये आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात त्यांचं वर्णन केलं. कणांनी गच्च भरलेल्या या पेशी त्यांना खाऊन पुष्ट झालेल्या वाटल्या, म्हणून त्यांनी जर्मन भाषेतला 'मास्ट', म्हणजे खाऊ घालून पुष्ट करणं, हा शब्द वापरला. अंदाज चुकला, नाव मात्र राहिलं.

ते कण म्हणजे खरं तर दारूगोळा. हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपारिन अशी रसायनं त्यात साठवलेली असतात. त्वचा, श्वासनलिका, आतडी आणि रक्तवाहिन्यांभोवती या पेशी पहारा देतात. जंत किंवा विष शरीरात आलं की कण बाहेर फेकतात. मराठीत आपण 'अंगावर पित्त उठलं' म्हणतो, तेव्हाही बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. त्याचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही. आमसुलाचं पाणी लावून खाज कमी वाटेलही, पण आतला गोळीबार त्याने थांबत नाही.

बिघाड कुठे होतो?

काहींच्या शरीरात मास्ट सेलच जास्त तयार होतात. याला मास्टोसायटोसिस म्हणतात. प्रौढांमध्ये यामागे बहुतेकदा 'किट' या जनुकातला एक ठरावीक बदल असतो. लहान मुलांमध्ये हा आजार सहसा त्वचेपुरता राहतो. अंगावर तपकिरी डाग दिसतात आणि डाग चोळला की तो फुगतो. बऱ्याच मुलांचा त्रास वयात येईपर्यंत कमी होतो.

काहींच्या पेशी संख्येने ठीक असतात, पण साध्या ॲलर्जीमुळे भडकतात. उरलेल्यांमध्ये कारणच सापडत नाही. वारंवार झटके येणाऱ्या या शेवटच्या गटासाठी 'सिंड्रोम' हा शब्द जास्त वापरला जातो.

निदान कसं होतं?

तज्ज्ञांच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या निकषांत तीन अटी आहेत. त्वचा, पोट, श्वास, रक्ताभिसरण यांपैकी किमान दोन ठिकाणी एकाच वेळी झटक्याने त्रास होणं. त्या वेळी मास्ट सेलची रसायनं वाढल्याचा पुरावा मिळणं. आणि ती रसायनं रोखणाऱ्या औषधांनी फरक पडणं. तिन्ही हव्यात. काही डॉक्टर याहून सैल निकष मानतात आणि त्यावर वाद सुरू आहे.

गाडी अडते ती दुसऱ्या अटीवर. ट्रिप्टेजसाठी रक्त झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत द्यावं लागतं. मग सगळं शांत झाल्यावर, किमान २४ तासांनी, पुन्हा. झटक्यातला आकडा नेहमीच्या आकड्यापेक्षा २० टक्के अधिक २ इतका वाढलेला हवा. म्हणजे एरवी ट्रिप्टेज ५ असेल, तर झटक्यात किमान ८. बरं वाटत असताना केलेली एकच चाचणी नॉर्मल आली, तर त्यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही.

एक गंमत कोकणातल्यांसाठी. बर्फात नीट न ठेवलेल्या बांगड्यात जिवाणूंमुळे हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. लक्षणं हुबेहूब तीच, पण मास्ट सेल निर्दोष!

रोजचं जगणं

उपचारांची सुरुवात साध्या औषधांनी होते: सेट्रिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारख्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि सोबत फॅमोटिडिन. त्याने भागलं नाही तर क्रोमोलिन, मॉन्टेलुकास्ट किंवा ओमालिझुमॅबचं इंजेक्शन. हे सगळं तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच. मॉन्टेलुकास्टमुळे काहींच्या मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो, हे घरच्यांनाही माहीत असावं.

झटका कशाने येतो ते माणसागणिक बदलतं. उन्हाचा तडाखा, मद्य, मधमाशीचा दंश, ताण, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन ही नेहमीची नावं. वहीत नोंद ठेवली तर काही आठवड्यांत आपली यादी दिसू लागते. शस्त्रक्रिया किंवा डाय देऊन स्कॅन करायचा असेल तर आधीच सांगायला हवं. मात्र रील पाहून दही, लोणचं, इडली, टोमॅटो एका झटक्यात बंद करणं बरं नाही. कमी हिस्टामिनच्या आहाराचे पुरावे तोकडे आहेत, उपासमार मात्र खरी होते.

झटका गंभीर असेल तर?

श्वास घरघरतोय, जीभ किंवा घसा सुजतोय, रक्तदाब पडून शुद्ध हरपतेय, तर तो ॲनाफिलॅक्सिस. इथे पहिलं औषध ॲड्रिनालिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. गोळी खाऊन वाट पाहण्यात वेळ जातो. सेट्रिझिन खाज कमी करतं, पण पडलेला रक्तदाब उचलत नाही. परदेशात रुग्ण ॲड्रिनालिनचं तयार पेन खिशात बाळगतात. भारतात ते सहज मिळत नाही, त्यामुळे जवळचं कोणतं रुग्णालय चोवीस तास उघडं असतं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. तिथे पोहोचेपर्यंत रुग्णाला आडवं झोपवून पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण एकदम उभं करू नका.

इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी लगेच घरी निघू नये, काही तासांनी त्रास उलटू शकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण तिच्यामुळे ॲड्रिनालिनचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि रुग्णालयात असतानाच ट्रिप्टेजसाठी रक्त घ्यायची आठवण करून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेलात तर तो आकडा बहुधा खाली आलेला असेल.