सुटलेल्या बाणाचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धनुष्यातून सुटलेला बाण आणि तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शब्दाच्या बाबतीत ते आजही खरं आहे. बाणही परत येत नाही, पण तो किती वेगानं गेला, सरळ गेला की वळवळत गेला, याचा चोख हिशेब मात्र आज मांडता येतो. हा हिशेब माणसाला कसा जमला आणि त्याचा आपल्या कोल्हापूर-साताऱ्याच्या मुलामुलींशी काय संबंध, हे आज मला सांगायचं आहे.

धनुष्यबाण ही माणसाच्या फार जुन्या यंत्रांपैकी एक. आपल्याकडे सातपुड्यातल्या भिल्लांचा तिरकामठा बांबूचा असतो. तो करणारा कारागीर कामठा वाकवून पाहतो, दोरी छेडून तिचा आवाज ऐकतो, बाणाची काडी डोळ्यासमोर धरून फिरवतो. हे ज्ञान खरं आहे आणि पिढ्यानपिढ्या कसाला लागलेलं आहे. पण एका प्रश्नाला त्याच्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. नेम चुकला, तर दोष कुणाचा? हाताचा की साहित्याचा?

हा प्रश्न बाणापुरताच नव्हता. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला इंग्रज अधिकारी हेन्री रेव्हिंग्टन आपला तोफखाना घेऊन त्याच्या मदतीला आला होता. पन्हाळ्यावर त्यानं गोळे डागले, ही इतिहासातली नोंद आहे. आता कल्पना करा, एखादा गोळा तटाच्या अलीकडेच पडला. दारूत दम नव्हता, की गोलंदाजानं तोफेचा कोन चुकवला? हे ठरवायला गोळ्याचा वेग कळायला हवा, आणि तो मोजण्याची युक्ती त्या काळी जगात कुणाकडेच नव्हती.

ती युक्ती काढली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं. १७४२ साली त्याचं तोफविद्येवरचं पुस्तक आलं. लाकडाचा जड ठोकळा त्यानं झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यात बंदुकीची गोळी मारली. गोळी रुतली की ठोकळा मागं झुलायचा. तो किती झुलला यावरून गोळीचा वेग गणितानं काढता यायचा. हवा गोळीला किती प्रचंड विरोध करते, हेही त्यातून प्रथमच आकड्यांत कळलं. थोर गणिती ऑयलर यानं हे पुस्तक जर्मन भाषेत नेलं. आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. हाच रॉबिन्स पुढं ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली तामिळ किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिड इथं वारला.

झोपाळ्याच्या या युक्तीनं वेग कळला, पण बाणाची अडचण त्याहून मोठी होती. गोळी ही एक गोटी, तर बाण म्हणजे लवचीक काडी. साध्या धनुष्यावर बाण लावला की त्याचं टोक लक्ष्याच्या जरा बाजूला रोखलेलं असतं, कारण मध्ये धनुष्याचा दांडा येतो. तरीही बाण लक्ष्यावर सरळ जातो. असं का होतं? रॉबर्ट एल्मर या अमेरिकन धनुर्धरानं १९१३ साली या कोड्याला ‘धनुर्धराचा विरोधाभास’ असं नाव दिलं.

कोडं उलगडायला मदत केली क्लॅरेन्स हिकमन यांनी. ते पदार्थवैज्ञानिक होते. रॉकेटवाल्या गोडार्ड यांच्याबरोबर त्यांनी उमेदवारी केली होती आणि पुढं ते बेल प्रयोगशाळेत काम करत. धनुर्विद्या हा त्यांचा छंद. १९३०च्या दशकात त्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं बाणाचं चित्रण केलं. त्यात दिसलं, की दोरी सुटताच बाण वाकतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून जातो आणि पुढं माशासारखा वळवळत हळूहळू सरळ होतो. म्हणजे बाणाची काडी धनुष्याच्या ताकदीच्या मानानं फार ताठ असली तरी बिघाड आणि फार लवचीक असली तरी बिघाड. काडीच्या या ताठपणाला खेळाडू ‘स्पाइन’ म्हणतात. धनुष्य आणि बाण यांची जोडी जुळवणं, त्यालाच ‘ट्यूनिंग’ म्हणतात. तंबोरा लावतात तसंच हे धनुष्य लावणं.

पण हिकमन यांच्यासारखी प्रयोगशाळा कुठल्या मैदानावर असणार? हे मोजमाप मैदानावर आणलं प्रकाशानं. युक्ती अगदी साधी आहे. एका चौकटीत ठरावीक अंतरावर प्रकाश ओळखणारे दोन ‘डोळे’ बसवायचे. बाण पहिल्या डोळ्यासमोरून गेला की त्याची सावली पडते आणि घड्याळ सुरू होतं. दुसऱ्या डोळ्यावर सावली पडली की घड्याळ थांबतं. डोळ्यांमध्ये ६० सेंटिमीटर अंतर असेल आणि बाण सेकंदाला ६० मीटर वेगानं जात असेल, तर त्याला लागतो सेकंदाचा शंभरावा भाग. आपल्याला हा क्षण वाटतो, पण मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा खडासुद्धा तेवढ्यात सुमारे ३२८ वेळा कंप पावतो.

या यंत्राचे काही स्वभाव आहेत. आकाशाच्या उजेडावर चालणाऱ्या यंत्राला कडक उन्हात वर पांढरा पडदा धरावा लागतो, तर आषाढातलं आपलं ढगाळ आभाळ त्याला फार मानवतं. घरात ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि त्याला फसवते, म्हणून तिथं डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण वापरतात.

एवढ्या बारकाव्यानं मोजायचं कशासाठी? हिशेब करून पाहू. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्यानं ७० मीटरवर नेम धरतात. सेकंदाला ६० मीटर वेगाचा बाण तिथं पोचेपर्यंत सुमारे साडेसहा मीटर खाली येतो, म्हणून तो आधीच वर रोखलेला असतो. आता वेग फक्त एका मीटरनं कमी झाला, तर हवेचा विरोध सोडून दिला तरी बाण आणखी २२-२३ सेंटिमीटर खाली लागतो. लक्ष्यावरचं एकेक कडं ६.१ सेंटिमीटर रुंदीचं. म्हणजे हात, नजर, श्वास सगळं बिनचूक असूनही दहा गुणांऐवजी सात!

मी बरीच वर्षं कोल्हापुरात पदार्थविज्ञान शिकवलं. आमच्या विद्यार्थ्यांनी अशी एक चौकट प्लायवूडवर बसवली होती. तिरंदाजी करणारी एक मुलगी तेव्हा फार खचलेली होती. सहांतले दोन बाण हमखास खाली जायचे आणि ‘माझा हातच सुटतो’ असं तिच्या मनानं घेतलं होतं. चौकटीतून बाण मारले तर चार बाणांचा वेग सारखा, आणि दोघांचा प्रत्येक वेळी जवळजवळ मीटरभर कमी. ते सगळे बाण आम्ही गुजरीत सोनाराच्या काट्यावर तोलले. दुरुस्त करून आणलेले ते दोन बाण सुमारे ग्रॅमभर जड निघाले. वीसेक ग्रॅमच्या बाणाला एक ग्रॅम म्हणजे थोडं नव्हे. मुलगी काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेआधी हजर होती.

आमचं कोल्हापूर तसं रायफलवाल्यांचं गाव. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पोझिशन प्रकारात कांस्यपदक आणलं. या खेळात दहाचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. म्हणून आपल्या नळीला कोणत्या घाण्याची काडतुसं मानवतात, हे नेमबाज मोजून, पारखून घेतात. धनुष्य-बाणाच्या जोडीचंच हे दुसरं रूप. आणि शेजारच्या साताऱ्यानं तर तिरंदाजीत नाव काढलं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली. त्याच दिवशी साताऱ्यातच तयार झालेल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मिळवलं.

हे यंत्र खेळाडू घडवत नाही. पहाटेचा सराव, गुरूची नजर आणि मनाची बैठक कुठल्याही डोळ्यात मोजता येत नाही. शिवाय आकडा दिसायला लागला की वेग वाढवायचा मोह होतो. तो मोह आवरायला हवा. महत्त्वाचा असतो वेगाचा सारखेपणा. जरा सावकाश जाणारे पण एकसारखे बारा बाण केव्हाही बरे.

तरीही मला या चौकटीचं मोल फार वाटतं. परदेशी धनुष्याची किंमत शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. खेड्यातलं पोर पुष्कळदा उसनं धनुष्य आणि दुरुस्त केलेले बाण घेऊन उभं राहतं. साहित्याचा दोष सगळ्यांत जास्त त्याच्याच वाट्याला येतो आणि ते मात्र स्वतःलाच दोष देऊन खेळ सोडतं. प्रकाशाचे दोन डोळे आणि एक घड्याळ, एवढ्या भांडवलावर हा अन्याय टाळता येतो. ज्या शहरात उद्यमनगर आणि शिरोलीत यंत्रांचे सुटे भाग मायक्रोमीटरनं तपासले जातात, तिथल्या पॉलिटेक्निकच्या मुलांना अशी चौकट करणं मुळीच अवघड नाही. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्यांनी जवळच्या मैदानावर एक चक्कर टाकावी. तिथं कुणीतरी चुकलेल्या बाणाकडे बघत उभं असेल.