काचेतला मासा, तळ्यातला मासा

माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला निघालो होतो. गोंदियात एका दुकानाच्या काचपेटीत अर्धे निळे, अर्धे नारिंगी मासे पाहून नातू अडून बसला. “दादा, हे आपल्या तळ्यातले का?” नाही. हे रेनबो मासे पश्चिम पापुआतल्या अयमारू सरोवरांचे. १९८० साली त्यांना शास्त्रीय नाव मिळालं आणि शौकिनांसाठी ते इतके पकडले गेले की मूळ घरीच धोक्यात आले. उत्तर दिलं खरं, पण मनात आलं, आपल्या तळ्यातले मासे तरी मी याला कधी दाखवले?

दरेकस्याला उतरलो. ‘जय सेवा’च्या गजरात गुहेकडे चढलो. इथं कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवलं आणि साडेसातशे गोत्रं बांधून प्रत्येकाला राखायला झाडं, पशुपक्षी वाटून दिले, अशी गोंडांची श्रद्धा आहे. बी.ए.ला मी इतिहास वाचला, त्यात लिंगो कुठेच नव्हता!

त्यात आमचे तलावही नव्हते. गोंड राजवटीत कोहळ्यांनी बांध घातले, तलाव उभे केले आणि त्याच्या मोबदल्यात जमिनी कसल्या. पाण्यातली मासळी धीवरांची. नवेगावबांध त्यातलाच. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, मासेमारी संस्थांच्या ठेक्यावर आली. मग रोहू-कटल्याचं बियाणं आलं, मागून परदेशी गवत्या मासा. तो पाणवनस्पती फस्त करतो. आमचे देशी मासे त्याच वनस्पतींत अंडी घालतात. वरून काठाकाठाने बेशरम माजली. अर्जुनी मोरगावकडे धीवर बायांनी ती उपटून देशी वनस्पती पुन्हा लावल्या, ही मला कुठल्याही काव्यापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

परतताना नातवाला एका तलावाच्या पाळीवर नेलं. तिथल्या म्हाताऱ्या धीवरणीने टोपलीतली मरळ दाखवली. काळपट, सापासारख्या तोंडाची. हवेतला श्वास घेते म्हणून अजून तडफडत होती. नातवाचं तोंड उतरलं. “हिला रंगच नाही.”

म्हातारी हसली. “पावसाळ्यात ये बाबू. लालबुंद पिलांचा घोळका पाण्यावर येते, अन् बाप खालून पहारा देते.”

“खरंच?” नातवाने मला विचारलं. मीही तो घोळका लहानपणीच पाहिला होता. जुलैत येऊ, म्हणालो.