कोयनेच्या खडकातली उष्णता

कोयनेच्या भूकंपांचा इतिहास बहुधा पाण्याच्या अंगाने सांगितला जातो, आणि त्याला आधारही भक्कम आहे. शिवाजीसागर जलाशय १९६१-६२ पासून भरू लागला, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. पुढे १९८५ पासून वारणेचे धरण भरू लागले, तसे धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेला, चांदोलीच्या दिशेने पसरले. जलाशयाची पातळी आणि धक्के यांची सांगड कितीतरी अभ्यासकांनी घातली आहे. त्या मानाने खडकाच्या तापमानाची चर्चा फारच थोडी होते. खरे तर खडक किती ताण सोसेल आणि कोणत्या खोलीपर्यंत कडकन तुटेल, हे त्याच्या उष्णतेवरही ठरते. म्हणून पाण्याइतकीच उष्णतेचीही नोंद कोयनेत सातत्याने राहायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

भूकंपांच्या अभ्यासासाठी इथे खोल खणायचे ठरले तेव्हाच उष्णतेचा हा प्रश्न पुढे आला. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर दोन दशकांनी कोयना-वारणा पट्ट्यात सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या बोअर घेतल्या गेल्या, कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभी राहिली आणि २०१७ मध्ये गोठणे येथील चाचणी बोअर ३ किलोमीटरपर्यंत पोचली. वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक. पुढची बोअर ६ किलोमीटरची योजली आहे, आणि त्या खोलीवर तापमान १३० ते १५० अंश असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रशियातल्या कोला बोअरमध्ये १२ किलोमीटरवर अपेक्षित १०० ऐवजी १८० अंश निघाले आणि काम थांबवावे लागले. तो दाखला देऊन उष्णतेपुढे उपकरणे टिकणार नाहीत असे कोणी म्हणेल. कोयनेत ही भीती बरीचशी अनाठायी आहे.

कारण इथे तापमान मोजायला काचेच्या ऑप्टिकल फायबरची तार वापरता येते, आणि अशा तापमानमापकाची मर्यादा काचेत नसते. शुद्ध सिलिका हजार अंशांवरही वितळत नाही. आधी हार मानते ते तिच्यावरचे आवरण. साध्या अ‍ॅक्रिलेटचे सुमारे ८५ अंशांपर्यंतच भागते, पॉलिइमाइड ३०० पर्यंत चालते, सोन्याचा थर त्याहूनही पुढे. म्हणजे दूरध्वनीची साधी तार इथे निकामी, पण पॉलिइमाइडची तार कोयनेच्या अंदाजित उष्णतेला पुरून उरेल. मोठी अडचण हायड्रोजनची आहे. तो काचेत शिरला की काच प्रकाश गिळू लागते आणि आकडे फसवे होतात. तिच्यावरचा कार्बनचा थर त्याला अडवतो, पण उष्णता वाढेल तसा कमी पडतो. अभियंत्यांनी जास्त चिंता करायची ती याची.

दोरीला बांधून सोडलेले विजेचे तापमापक पुरेसे नाही का? ते अचूक असते, पण एका वेळी एकाच जागेचे सांगते. फायबरमध्ये सोडलेल्या लेझरचा परतणारा मंद प्रकाश मीटरमीटरचे तापमान एकाच वेळी देतो, आणि भेगेतून पाणी शिरत असेल तर तिथला फरक त्यात दिसतो. शिवाय खणताना ओतलेल्या द्रवाने खडक निवतो, मूळ तापमानावर यायला त्याला महिने लागतात. एखाद्या दिवसाचे मोजमाप त्यामुळे खात्रीचे नसते. यातून भूकंपाचे भाकीत होईल असे मात्र नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये.

६ किलोमीटरची बोअर होईल तेव्हा ही तार पहिल्या आराखड्यातच हवी. बोअरमधल्या लोखंडी नळाभोवती एकदा सिमेंट भरले, की नळामागे तार बसवायला जागा उरत नाही.