वादळाचा पाठलाग

गडगडाटी वादळे आणि टोर्नेडो जवळून पाहण्यासाठी वा अभ्यासण्यासाठी मोटारीने त्यांच्या मागावर जाणे. हा छंद मुख्यतः अमेरिकेच्या ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सस या मैदानी राज्यांतला. ऐन हंगाम एप्रिल ते जून. त्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी डेव्हिड होडली यांनी १९५६ मध्ये नॉर्थ डकोटात पाठलाग सुरू केला आणि १९७७ मध्ये ‘स्टॉर्म ट्रॅक’ हे नियतकालिक काढले.

नवख्याने आधी राष्ट्रीय हवामान सेवेचे ‘स्कायवॉर्न’ प्रशिक्षण घ्यावे. ते विनामूल्य असते. पहिल्या फेऱ्या जाणत्या सोबत्याबरोबरच कराव्यात. चालकाने फक्त गाडी चालवावी, रडार दुसऱ्याने पाहावे. मोबाइलवरचे रडारचित्र काही मिनिटे शिळे असते, हे अनेकजण विसरतात. वादळ ईशान्येकडे सरकत असल्यास सहसा त्याच्या आग्नेयेस, दक्षिणेकडे सुटणारा पक्का रस्ता राखून थांबावे. पावसाच्या पडद्याआडचा टोर्नेडो दिसत नाही. अंधारात तर पाठलाग सोडूनच द्यावा. वीज, गारा आणि निसरडे रस्ते यांचा धोका टोर्नेडोपेक्षा नित्याचा आहे.

अर्थात अनुभव म्हणजे कवच नव्हे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रिनो येथे सुमारे ४.२ किमी रुंदीच्या टोर्नेडोने अचानक दिशा बदलली. त्यात नामवंत संशोधक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल व सहकारी कार्ल यंग मृत्युमुखी पडले.