'एल. जे. रोड'वरील लेडी कोण?

माहीमहून दादरकडे येणारा वर्दळीचा रस्ता मुंबईकरांच्या तोंडी 'एल. जे. रोड' या आद्याक्षरांतच रुळला आहे. त्यातील 'एल' म्हणजे 'लेडी' आणि 'जे' म्हणजे जमशेटजी. ही लेडी म्हणजे आवाबाई, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. १७९९ मध्ये आई-वडिलांचे छत्र हरपल्यावर ते मामा फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयाला आले. मामांचा धंदा बाटल्यांचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. या मामांचीच कन्या आवाबाई. १८०३ मध्ये दोघांचा विवाह झाला. पुढे चीनशी झालेल्या कापूस आणि अफूच्या व्यापारातून जमशेटजींनी अमाप संपत्ती मिळवली. त्यांच्या दानशूरपणाचे गोडवे गाताना अफूचा उल्लेख बहुधा टाळला जातो, हेही खरे. १८४२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि आवाबाई 'लेडी' झाल्या.

त्या काळी माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी आडवी होती. शीवच्या बाजूने साष्टीला जोडणारा बांध शतकाच्या आरंभीच झाला होता. परंतु वांद्र्याच्या लोकांना मात्र होडीवाचून गत्यंतर नव्हते. पावसाळ्यात तर हा प्रवास जिवावर बेतणारा. पूल बांधावा, ही मागणी जुनीच होती. सरकारी तिजोरी मात्र त्यासाठी उघडत नव्हती. अखेर आवाबाईंनी दीड लाख रुपयांहून अधिक रक्कम दिली. अट एकच, या मार्गावर कोणाकडूनही टोल घेऊ नये. १८४५ मध्ये माहीमचा 'कॉजवे' रहदारीस खुला झाला. त्याच खाडीच्या मुखापाशी २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, तो टोलसह. तेथे रांगेत थांबलेल्यांना आवाबाईंच्या अटीचे मोल वेगळे सांगायला नको.

जमशेटजींना १८५७ मध्ये वंशपरंपरागत 'बॅरोनेट' पद मिळाले. दोन वर्षांनी ते निवर्तले. त्यानंतर १८६० मध्ये झालेल्या कायद्याने या पदाच्या प्रत्येक वारसाला 'जमशेटजी जीजीभाई' हेच नाव धारण करणे बंधनकारक ठरले. त्यामुळे थोरले पुत्र खरशेटजी हेही जमशेटजी झाले. घराण्याचे हे नाव 'जे. जे.' रुग्णालय आणि कला महाविद्यालयामुळे सर्वतोमुखी आहे. आवाबाईंच्या वाट्याला मात्र पतीच्या नावाने ओळखला जाणारा हा रस्ताच आला.